खस, जाळी आणि स्वच्छ दिसणारं पाणी

मार्च सरत आला की नागपुरात गल्लोगल्ली खसवाले फिरू लागतात. गच्चीवरचा कूलर खाली उतरतो, टाकीतला गेल्या वर्षीचा गाळ खरवडला जातो आणि तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतली जुनी खस उपसून नवी भरली जाते. खस म्हणायची आपली सवय. खरा वाळा आता थोड्याच घरांत, बाकी ठिकाणी असतो तो लाकडाचा बारीक कीस. पण हा कीसच का भरतात, लाकडाची फळी का लावत नाहीत? लाकूड तेच, वजन तेच, पाणीही तेच. फळी लावली तर पाणी ओघळून टाकीत जाईल आणि अंगावर येईल मे महिन्याची झळ. किसाच्या प्रत्येक धाग्याला चहूबाजूंनी हवा लागते, म्हणून पाणी झटपट उडतं आणि खोली गार होते. थंडाव्याचं सगळं काम लाकडाच्या पृष्ठभागावर चालतं, पोटात काहीच होत नाही.

दुसरी गोष्ट जाळीची. जाळी नसेल तर पंखा तो कीस ओढून घरभर उडवेल. जाळी स्वतः पाण्याचा थेंबही उडवत नाही, पण ती नसली तर किसाचा उपयोग शून्य.

पाण्यातले विषारी पदार्थ काढण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत ‘नॅनोकंपोझिट अधिशोषक’ नावाच्या पदार्थांवर काम चालतं. नाव ऐकून घाम फुटतो. उघडून पाहिलं तर आत खस आणि जाळीच निघते. नॅनो म्हणजे अतिबारीक कीस, कंपोझिट म्हणजे त्याला धरून ठेवणारी जाळी, आणि अधिशोषक म्हणजे विष आपल्या अंगाला चिकटवून घेणारा पदार्थ. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात बातम्यांना आवडतो तो कीस, आणि खरी करामत असते ती जाळीची.

आधी रोग काय ते बघू. नागपूर शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी मिळतं. ते गढूळ आलं तर तुरटी टाकून गाळ खाली बसवता येतो, वाळूतून गाळता येतं, क्लोरीन टाकून जंतू मारता येतात. पाण्यात तरंगणाऱ्या आणि जिवंत असणाऱ्या गोष्टींसाठी हे पुरतं. पाण्यात मिठासारखं विरघळून गेलेलं काही असेल तर मात्र वाळू त्याला अडवत नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते कुठल्या कारखान्यातून आलेलं नाही. खडकांतली काही खनिजं वर्षानुवर्षं पाण्यात झिजत राहतात, त्यातून ते उतरतं. गडचिरोलीच्या हद्दीपलीकडे, छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, भूजलात आर्सेनिक सापडलेलं आहे. दोन्ही ठिकाणचं पाणी ग्लासात घेतलं तर काचेसारखं नितळ. ना वास, ना वेगळी चव.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत सवलत आहे. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे सांधे आणि पाठीचा कणा ताठरत जातो. भारतात या आजाराची वैद्यकीय नोंद 1937 साली तत्कालीन मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागातून झाली. म्हणजे प्रश्न नवा मुळीच नाही.

आणि त्यावरच्या एका जुन्या उत्तराशी आपल्या शहराचं नातं आहे. 1958 साली नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. 1974 मध्ये तिचं नाव बदललं आणि ती नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झाली. आपल्यातल्या अनेकांना नीरी फक्त बस स्टॉपच्या नावापुरती माहीत असते. याच संस्थेने ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. पाण्यात चुना आणि भरपूर तुरटी घालायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा जो कापसासारखा लगदा तयार होतो तो फ्लोराइडला घेऊन खाली बसतो. सामान बाजारात मिळणारं, भांडं म्हणजे साधी बादली. पण रोज मोजून घालायचं, रोज गाळ फेकायचा, तुरटी जास्त झाली तर अॅल्युमिनियम पाण्यातच राहायचं. पहिला उत्साह ओसरला की घरोघरी हे रोज कोण करणार? म्हणून लोकांना असं काहीतरी हवं होतं, जे एकदा भांड्यात भरून ठेवलं की पाणी ओतायचं आणि खालून प्यायचं.

इथे अधिशोषण येतं. शोषण आणि अधिशोषण यांत एका उपसर्गाचा फरक, पण तो कामाचा आहे. पुसायचं फडकं पाणी शोषतं म्हणजे पाणी त्याच्या पोटात शिरतं. अधिशोषणात पदार्थ वरच्यावर चिकटतो, पृष्ठभागावर, जशी ओल्या भिंतीला धूळ बसते. लाकडी कोळसा रंग काढून टाकतो हे 1785 मध्ये लोव्हिट्झ या रसायनज्ञाच्या लक्षात आलं. आपल्याकडे वाळू आणि कोळसा भरलेले माठ एकावर एक रचून पाणी गाळायची रीत होती, तिच्यातल्या कोळशाचं कामही हेच. आजच्या घरगुती फिल्टरमधला काळा चुरा म्हणजे त्याचाच सुधारलेला भाऊ, सक्रिय कार्बन.

आता बारीक करण्याचा हिशेब. ल्युडोचा फासा घ्या, प्रत्येक कड एक सेंटिमीटर. त्याचं पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर. तो मिलिमीटरभर कडेच्या तुकड्यांत कापला तर हजार तुकडे होतात आणि एकूण पृष्ठफळ साठ चौरस सेंटिमीटर. असंच कापत कापत दहा नॅनोमीटरच्या तुकड्यांपर्यंत गेलो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण आठ-दहा हजाराव्या भागापर्यंत, तर तुकडे होतील एकावर अठरा शून्यं इतके आणि पृष्ठफळ होईल 600 चौरस मीटर. कबड्डीचं मैदान असतं 13 गुणिले 10 मीटरचं. म्हणजे त्या एका फाशातून साडेचार मैदानं निघतात, आणि पदार्थ मात्र तसूभरही वाढलेला नाही.

पण नुसतं पृष्ठफळ हवं असेल तर सक्रिय कार्बन आधीच बाजी मारून बसलेला आहे. त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या सूक्ष्म भोकांचं पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास जातं. वास, रंग, कीटकनाशकं तो छान पकडतो. फ्लोराइडपुढे मात्र हात टेकतो. चिकटायला नुसती जागा असून भागत नाही, त्या जागेला पाहुणा आवडावा लागतो.

लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडना फ्लोराइड आणि आर्सेनिक आवडतात. या कणांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या उभ्या असतात. पाणी किंचित आम्लधर्मी असलं की या जोड्या आणखी एक हायड्रोजन आयन, म्हणजे प्रभार असलेला कण, उचलतात आणि पृष्ठभागावर धन प्रभार येतो. फ्लोराइड ऋण असल्याने तो जवळ ओढला जातो, जोडीला हुसकावतो आणि तिच्या जागी धातूला थेट चिकटून बसतो. पाणी अल्कधर्मी झालं की उलटं होतं. पृष्ठभाग स्वतःच ऋण होतो आणि फ्लोराइडला दूर लोटतो. शिसं किंवा कॅडमियमसारख्या धातूंचे आयन धन असतात, त्यांचं गणित याच्या विरुद्ध. त्यामुळे ‘सगळं काही काढणारी पावडर’ असं कुणी म्हणालं की मला मेळ्यात एकाच बाटलीतून दातदुखी आणि गुडघेदुखीचं औषध विकणारे आठवतात.

आणि नेमका इथेच निसर्गाने एक खोडी करून ठेवली आहे. ज्या भूजलात फ्लोराइड जास्त, ते पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर आणि कॅल्शियम कमी. कॅल्शियम जास्त असतं तर फ्लोराइड त्याच्याशी जुळून घट्ट खनिज होऊन खाली बसलं असतं. म्हणजे अधिशोषकाला जे पाणी सगळ्यात नावडतं, त्याच पाण्यात त्याला कामाला लावायचं आहे.

बरं, योग्य ऑक्साइड घेतला, नॅनो आकाराचा केला. आता तो तसाच पाण्यात टाकला तर? पहिलं म्हणजे इतके बारीक कण एकटे राहत नाहीत. दमट दिवसांत डब्यातलं बेसन धरतं तशा त्यांच्या गुठळ्या होतात आणि कष्टाने मिळवलेली कबड्डीची मैदानं पुन्हा मिटून जातात. दुसरं, तो भुगा नळकांड्यात भरला तर पाणी त्यातून पाझरतच नाही. बारीक मैद्यातून पाणी गाळून पाहा, कळेल. तिसरं सगळ्यात वाईट. कण इतके लहान की ते गाळणीतून निसटून पाण्याबरोबर ग्लासात येतात. फ्लोराइड काढायला गेलो आणि लोखंडाचा भुगा पोटात घातला, त्यावर आर्सेनिक चिकटलेलं असेल तर तेही सोबत. म्हणून जाळी.

जाळी कशाकशाची करतात ते पाहण्यासारखं आहे. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून कायटोसान नावाचा चिवट पदार्थ मिळतो. त्यात लोहाचे किंवा अॅल्युमिनियमचे नॅनोकण तिथल्या तिथे तयार केले की ते त्याच्या धाग्यांत अडकून बसतात. मद्रासच्या आयआयटीत प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने हाच मार्ग घेतला. त्यांच्या पदार्थाचे दाणे वाळूसारखे कणखर असतात, पाण्यात विरघळत नाहीत आणि भट्टी न लावता, साधारण खोलीच्याच तापमानाला पाण्यात बनतात. 2013 मध्ये त्यांनी अॅल्युमिनियम आणि कायटोसानच्या अशा दाण्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोहाच्या दाण्यांवर आधारलेलं ‘अमृत’ हे तंत्र आर्सेनिकग्रस्त गावांपर्यंत पोहोचलं. प्रदीप यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते ‘खोलीचं तापमान’ हे दोन शब्द. जे बनवायला 800 अंशांची भट्टी लागते, ते गावाच्या परवडीत बसणं कठीण.

दुसरी जाळी अदृश्य आहे, चुंबकाची. मॅग्नेटाइट म्हणजे लोहाचा काळा ऑक्साइड. फेरिक आणि फेरस अशा लोहाच्या दोन क्षारांचं दोनास एक प्रमाणात द्रावण करायचं आणि ढवळत ढवळत अमोनिया सोडायचा. पिवळट-तपकिरी द्रावण बघता बघता काळंभोर होतं. झाले नॅनोकण तयार. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही जादूच वाटते. हे कण दूषित पाण्यात सोडायचे, त्यांनी विष पकडलं की भांड्याला बाहेरून चुंबक लावायचा. काळा थर कडेला गोळा होतो, मधलं पाणी नितळ. वीस-तीस नॅनोमीटरहून लहान मॅग्नेटाइटचं वैशिष्ट्य हे की चुंबक काढला की त्याचं चुंबकत्वही जातं, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत. इतक्या लहान कणांना ओढायला अवाढव्य चुंबक लागेल अशी समजूत होती. 2006 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी कमी ताकदीच्या चुंबकानेही ते पाण्यातून बाहेर येतात आणि सोबत आर्सेनिक आणतात, हे दाखवून दिलं.

आणि आपल्या घरची जाळी? संत्र्याची साल. त्यातल्या पेक्टिनवर असे रासायनिक हात असतात जे शिसं, कॅडमियम, तांबं यांचे आयन पकडतात. सालीच्या भुकटीवर लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण बसवून त्यावर जगभर शोधनिबंध निघाले आहेत. नागपूरकराला यात मजा वाटणारच. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमागे साचणारा भाताचा तूसही यातलाच. त्याच्या राखेत सिलिका ठासून भरलेली असते. 2009 च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या टाटा स्वच्छ या फिल्टरमध्ये तुसाच्याच राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते. तिथली चांदी मात्र जंतू मारण्यासाठी होती, फ्लोराइड किंवा आर्सेनिक काढायला नव्हे. नॅनो शब्द दिसला की दोन्ही कामं एकच समजली जातात, म्हणून सांगितलं. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांची राख तर आपल्याला अंगणात पुसायलाही मिळते. अशा राखेपासून झिओलाइट नावाचे सच्छिद्र स्फटिक करता येतात आणि तेही अधिशोषक म्हणून चालतात. ग्राफीन ऑक्साइड, कार्बनच्या नळ्या, आणि 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांच्यासाठी मिळालं ती धातू-सेंद्रिय चौकटींची स्फटिकं, ही सगळी मोठ्या घरची मंडळी. त्यांची क्षमता डोळे दिपवणारी, किंमतही तशीच.

क्षमता. या शब्दापाशी मी जरा थांबणार आहे, कारण फसगत इथे होते.

एक ग्रॅम पदार्थ किती मिलिग्रॅम विष धरून ठेवतो, ती त्याची क्षमता. ही मोजायची कशी, याचा सांगाडा अर्व्हिंग लँगम्युअर यांनी 1910 च्या दशकात दिला. 1932 मध्ये त्यांना पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत म्हणजे पंगत. पत्रावळी ठरलेल्या, एका पत्रावळीवर एकच माणूस. दारात गर्दी कमी असेल तर थोड्याच पत्रावळी भरतात, गर्दी वाढली की जास्त भरतात, आणि एकदा पंगत भरली की बाहेर कितीही लोक उभे असोत, आत जागा नाही. शिवाय कुणी उठतो, कुणी बसतो, हे चालूच असतं.

शोधनिबंधात छापलेला भरघोस आकडा बहुतेक वेळा भरलेल्या पंगतीचा असतो. त्यासाठी पाण्यात लिटरमागे पन्नास-शंभर मिलिग्रॅम विष घातलेलं असतं, ते पाणी ऊर्ध्वपातित असतं आणि त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) पदार्थाला हवा तसा जुळवलेला असतो. कित्येकदा तर परीक्षा घेतात ती मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाची, कारण त्याचा रंग उतरताना डोळ्यांनी दिसतो आणि मोजणं सोपं. गावच्या बोअरमध्ये फ्लोराइड लिटरमागे तीन मिलिग्रॅम, आणि त्याच्या शेकडो पट बायकार्बोनेट. म्हणजे दारात निमंत्रित तीन आणि आगंतुक हजार. बायकार्बोनेट, फॉस्फेट, सिलिकेट पत्रावळी अडवून बसतात.

आकड्यात बघा. घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला 20 लिटर पाणी लागतं असं धरू. तीन मिलिग्रॅमवरून एकवर आणायचं तर दिवसाला 40 मिलिग्रॅम फ्लोराइड काढायचं. निबंधात क्षमता ग्रॅममागे 50 मिलिग्रॅम छापली असेल तर एक किलो पदार्थ 1250 दिवस, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास पुरायला हवा. गावच्या पाण्यात तोच पदार्थ ग्रॅममागे 2 मिलिग्रॅमवर आला, तर 50 दिवसांत संपला. उदाहरण माझं आहे, पण अशी घसरण नवलाची नाही. आणि पदार्थ संपला हे कळणार कसं? पाणी तर पहिल्या दिवशी होतं तितकंच नितळ आहे.

पंगत उठल्यावर खरकटंही काढावं लागतं. फ्लोराइडने भरलेला अॅल्युमिनियमचा पदार्थ कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुतला की फ्लोराइड सुटतं आणि पदार्थ पुन्हा वापरता येतो, दर वेळी थोडी क्षमता गमावून. पण ते धुवण? ज्या विषाला आपण शेकडो लिटर पाण्यातून गोळा केलं, ते आता काही लिटरमध्ये एकवटलेलं आहे. ते नाल्यात ओतलं तर फिरून विहिरीत. आर्सेनिकचं तर आणखी जपून, त्याचा वापरलेला अधिशोषक नीट बंदिस्त करावा लागतो आणि त्यातून पावसात काही पाझरत नाही ना, हे तपासावं लागतं. संत्र्याच्या सालीला कितीही आपलेपणा असला तरी शिसं धरलेली साल खताच्या ढिगावर टाकता येत नाही. यावर निबंधात बहुधा शेवटचा परिच्छेद असतो, तोही आखूड.

म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक नॅनोपदार्थाने 99 टक्के प्रदूषण काढलं’ अशी बातमी दिसली तर मी आधी बघतो की पाणी कुठलं होतं, नळाचं, बोअरचं की प्रयोगशाळेतल्या बाटलीचं. मग बघतो कण निसटू नयेत म्हणून काय केलं आणि ते निसटत नाहीत हे मोजलं का. टक्क्यांकडे सगळ्यात शेवटी. शंभर मिलिग्रॅममधून 95 टक्के काढले तरी पाच उरतात, आणि आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे.

घरच्यापुरतं सांगायचं तर पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट वाफ गेल्याने उरलेल्या पाण्यात ते थोडं दाट होतं. आरओने जातं, पण एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर सोडून. गावाकडे बोअर असेल तर पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, आणि जल जीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांना तपासणीचे संच वापरायला शिकवलेलं असतं. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असं दोनदा तपासावं, कारण बोअरची पातळी वर-खाली झाली की फ्लोराइडही बदलतं.

कूलरच्या जुन्या खसेवर पांढरा खरखरीत थर दिसतो ना, ते बोअरच्या पाण्यातले क्षार. खसवाला ती खस न झटकताच बाजूला टाकतो आणि नवी भरायला घेतो.